रिकामा थेंब

“आधी पाणी पी. मग खूण कर.”

जयवंत जाऊन आता बरीच वर्षं झाली होती. त्याचं बाकीचं बोलणं सुनीतीच्या मनातून हळूहळू विरत चाललं होतं. तो हसायचा कसा हे आठवायलाही आता डोळे मिटून बसावं लागे. हे एक वाक्य मात्र जसंच्या तसं ऐकू यायचं. चढणीवर पुढे गेलेला माणूस थांबून, मागे वळून, किंचित धापा टाकत बोलतो तसं.

लग्नानंतर पहिल्यांदा ती त्याच्याबरोबर डोंगरात गेली होती तेव्हाची गोष्ट. झरा ओढ्याच्या पलीकडे होता, उतार निसरडा होता आणि तिच्या पायात नव्या चपला होत्या. तिने अलीकडूनच हातातल्या नकाशाच्या यंत्रावर बोट टेकवून झऱ्याची खूण केली आणि “झालं,” म्हणाली. त्याने यंत्र घेतलं, खूण पुसली आणि ते वाक्य म्हटलं. रागावला नव्हता. हात देऊन त्याने तिला पलीकडे नेलं. ओंजळीतलं पाणी इतकं गार होतं की दातांत कळ गेली.

“आता कर,” तो म्हणाला. “या खुणेकडे बघून उद्या कुणी बाई घागर घेऊन एवढं चढून येईल. तिला इथे कोरडा दगड दिसता कामा नये.”

पुढे सावंतवाडीत त्याने ‘पाणवठा’ ही संस्था उभी केली आणि ते वाक्य संस्थेचा नियम होऊन बसलं. सह्याद्रीच्या या उतारावरचा प्रत्येक झरा नकाशावर निळ्या थेंबाने दाखवायचा, पण थेंब टेकवायचा तो तिथलं पाणी प्यायल्यावरच. दर वैशाखात, पाणी सगळ्यात उतरलेलं असतं तेव्हा, कार्यकर्ते पुन्हा डोंगर चढत. पाणी मिळालं की खूण नवी होई. नाही मिळालं तर त्या झऱ्याचा थेंब आणि त्याच्या आजवरच्या मोजण्या, सगळंच नकाशातून उतरे. जुना नकाशा ठेवायचा नाही, जुन्या नकाशाने माणसं फसतात, हेही जयवंतचंच.

नकाशाचं आणि त्यामागच्या सगळ्या माहितीचं काम सुनीतीकडे होतं. ते करता करता तिला एक नेम लागला. पहाटे आंघोळ झाली की तुळशीला पाणी घालताना ती झऱ्यांची नावं घेई. आंबयाची झर, सातेरीचं पाणी, गाळवाची तळी, मालणीची कोंड… अशी सगळी, आणि शेवटी कुंभवळ्याची झर. नावं पुरी होईपर्यंत तोंडात पाण्याचा थेंब घ्यायचा नाही. देवाच्या नावाच्या जागी ही नावं का, असं तिला कुणी विचारलं नव्हतं. विचारलं असतं तर यात वेगळं काय आहे ते तिला सांगता आलं नसतं.

कुंभवळं हे जयवंतचं गाव. नकाशावरचा सगळ्यात पहिला थेंब तिथल्या झऱ्यावर टेकवलेला होता. तिथे त्याची थोरली बहीण सगुणा, झऱ्याच्या पाण्यावर पोफळी, केळी, मिरवेली वाढवत एकटीच राहत होती.

*

“काकू, आज कुठल्या देवाचा?”

अबोली केरकर रोज कचेरीच्या दाराशी चपला काढतानाच हे विचारी. नकाशाच्या भाकितांचं काम तिचं. वयाने सुनीतीच्या निम्मी, बोलायला चुरचुरीत.

“आज कुणाचाच नाही गं. भूकच नाही.”

“अरेरे. म्हणजे उपास फुकट गेला. पुण्य खात्यावर नाही पडायचं.”

“तू खा माझ्या वाटचं. खात्यावर तुझ्या पडू दे.” सुनीतीने तिच्यापुढे डबा सरकवला.

अबोली आल्यापासून संस्थेच्या नकाशाला ‘कान’ फुटला होता. कान हे नाव तिनेच दिलेलं. रस्त्यांच्या कडेने, गावागावांतून इंटरनेटच्या केबली कधीच्या पुरलेल्या होत्या. केबलीच्या पोटात केसाएवढ्या बारीक काचेच्या तारा असतात. त्यांतून प्रकाशाची टिचकी सोडली की त्यातला कणभर प्रकाश वाटेत ठिकठिकाणाहून परत येतो. जमीन जरा जरी हलली, ताणली, तरी त्या परत येणाऱ्या प्रकाशात फरक पडतो. पाणी मुरलं की माती अगदी किंचित फुगते, पाणी निघून गेलं की बसते. माणसाला ते कळणं शक्य नाही; काचेच्या तारेला कळतं. पूर्वी हीच तार भूकंप ऐकायला वापरत. आता ती इतकी तल्लख झाली होती की जांभ्या दगडाच्या भेगांतून उतरणाऱ्या पाण्याची चालसुद्धा ऐकू येई.

पहिल्यांदा अबोलीने तो आवाज मोठा करून ऐकवला तेव्हा सुनीती म्हणाली होती, “आमच्या महादेवाच्या गळंतीसारखं वाजतंय की.” वैशाखभर पिंडीवर टांगलेल्या मडक्यातून थेंब थेंब पाणी पडत राहतं, ती गळंती. अबोलीने ते सगळ्यांना सांगितलं, बाहेरच्या पाहुण्यांनासुद्धा.

पण ऐकणं हे अर्धंच काम. कानाने ऐकलेलं, पावसाचे आकडे, उपग्रहाने टिपलेली हिरवळ, आणि पाणवठ्याने इतकी वर्षं केलेल्या झऱ्यांच्या मोजण्या हे सगळं एकत्र करून यंत्र शिकत होतं. एखाद्या झऱ्याचं पाणी कमी होऊ लागलं की ते आपल्या साठ्यात शोधी: असं पूर्वी कुठल्या झऱ्याचं झालं होतं? त्याचं पुढे काय झालं? त्यावरून ते सांगे की हा झरा टिकेल की जाईल. टिकणारी गावं नकाशावर निळी आणि जाणारी राखाडी दिसायची. राखाडी अजून एकही गाव झालं नव्हतं.

त्या रंगांवर आता माणसांचं बरंच काही ठरणार होतं. उतारावरच्या ज्या गावांचं पाणी जाणार, त्यांना सरकार खाली कालव्याकाठी जमीन आणि घरं देणार होतं. गाव राखाडी असलं आणि गावसभेने हो म्हटलं तर. देऊ केलेलं होतं ते या वर्षापुरतं. मग पुढे पाणी गेलं तरी जमीन मिळणार नव्हती.

*

चैत्र सरता सरता सुनीती कुंभवळ्याला गेली. सगुणा झऱ्याच्या पाटात उभी राहून पाला काढत होती. लुगडं गुडघ्यापर्यंत खोचलेलं, हातात खराटा.

“इलंस? बस. आदी पाणी पी.”

“तुमचा भाऊच बोलला असं वाटलं, वन्सं.”

“तेका ता खंयसून इला? हयसूनच. आमची आवस म्हणायची, पावण्याक आदी पाणी, मागीर विचारपूस.” सगुणाने झऱ्याखाली तांब्या धरला. पूर्वी तो धरताक्षणी भरून वाहायचा. आता ती धरून उभी राहिली आणि दोघी बायका तांब्याकडे बघत राहिल्या.

सुनीती पाणी प्यायली. तेच गार पाणी. दवाखान्यात जयवंतचा ताप उतरेना तेव्हा सगुणा हेच पाणी बाटलीत भरून रात्रीच्या गाडीने आली होती. त्याच्या तोंडात गेलेले शेवटचे दोन चमचे या पाण्याचे होते.

“लोकांका भय पडलां हा,” सगुणा काठावर बसत म्हणाली. “अर्दे म्हणतत खाली जावया, जमीन मेळता ती घेवया. मी म्हणतंय, नकाशो निळो आसा. जयवंताचो नकाशो. तो कसो खोटा सांगतलो?”

“पाणी कमी झालंय, वन्सं.”

“झाला. म्हातारी झालंय तशी मीय कमी झालंय. मेलंय काय?” ती हसली. मग तिने खराट्याची एक काडी मोडली. “तरी इचारतंय तुका. हिचा पाटकोंडीसारखा तर होवचा नाय मा?”

“पाटकोंड कुठली?”

“वर गो, जांभ्याच्या कड्याखाली. आमी ल्हान आसताना पाणी थंयसून भरूचे. एका वर्सा आटली ती आटलीच. जयवंत मोठो झाल्यार पण थंय जावन बसायचो. एकटोच. येडो.”

सुनीतीने मान हलवली. पाटकोंडीचं नाव तिच्या रोजच्या नावांत नव्हतं.

“मी परत एकदा नीट बघते,” ती म्हणाली.

“बग. सोमवारी गावसभा आसा. मी म्हणतलंय तसा गाव करतला, म्हणान माका खरा कळाक होया. आणि ह्या बग,” सगुणाने तिचं मनगट धरलं, “फोनार सांगू नको. काय आसात ता घराक येऊन, हयसर बसून सांग. तुझो घोव वाचाचो नाय, ता डॉक्टरान माका फोनारच सांगितल्यान. हातात फोन धरून मी एकटीच उबी.”

“येऊन सांगेन.”

“देवाक साक्ष ठेवन बोल.”

“देवासमोरच तर बसलोय.” झऱ्याच्या तोंडाशी शेंदूर फासलेला एक दगड होता, त्यावर सकाळचं जास्वंदीचं फूल. सुनीतीने त्याला हात लावला. “शब्द दिला, वन्सं. जे असेल ते मी स्वतः येऊन सांगेन.”

*

कचेरीत येऊन तिने पाटकोंड शोधली. नव्हती. नसणारच, कोरड्या जागेला थेंब नाही. तिने कुंभवळ्याचा डोंगर पडद्यावर मोठा केला आणि जांभ्याच्या कड्याखाली बोट फिरवत राहिली.

मग तिला एक गोष्ट सुचली. कार्यकर्ते डोंगरात फिरत तेव्हा हातातलं यंत्र त्यांची वाट आपोआप टिपत जाई. खुणा दर वर्षी उतरत, वाटा मात्र कुणी पुसल्या नव्हत्या. त्यांचा कुणाला त्रास नव्हता आणि उपयोगही नव्हता. तिने जयवंतच्या वाटा नकाशावर चढवल्या.

पिवळी रेघ कुंभवळ्याच्या झऱ्यापासून निघाली आणि कड्याकडे चढत गेली. कड्याखाली ती थांबली होती. नुसती थांबली नव्हती. माणूस एका जागी बराच वेळ बसला की यंत्र त्याच जागेवर पुन्हा पुन्हा टिंब टाकतं, तशी तिथे रेघेची गाठ झाली होती. तिथून रेघ खाली परतली होती. गाठीपाशी खूण नव्हती.

सुनीती पडद्याच्या जवळ सरकली. दुसरी रेघ धामणी गावाच्या पलीकडे. तिथेही एक गाठ, खूण नाही. तिसरी मालणीच्या रानात. एका गाठीची तारीख तिने पुन्हा वाचली, कारण त्या दिवशी ती त्याच्याबरोबर होती. दोघं उन्हातून चढून गेले होते, कातळात एक ओलसर काळी रेघ तेवढी उरली होती. जयवंत खाली बसला. त्याने कातळावर हात ठेवला. तापलेला असूनही ठेवून दिला. किती वेळ कोण जाणे. मग उठून म्हणाला, “चल.”

“खूण?” तिने विचारलं होतं.

“पाणी कुठे प्यायलो?”

घरी आल्यावर त्याने पायही धुतले नव्हते, तसाच आडवा झाला होता, हे मात्र तिला आता आठवलं.

रेघांच्या गाठी सगळ्या डोंगरभर होत्या. त्याने काही बोलून दाखवलं नव्हतं, कुणाला सांगितलं नव्हतं. तो नुसता जाऊन बसत होता. आणि ती इतकी वर्षं त्या नकाशापुढे बसून होती.

“अबोली,” तिने हाक मारली. “कानाला शिकवलंस त्यात मेलेला झरा एक तरी आहे का गं?”

“म्हणजे?”

“आटला आणि परत आलाच नाही, असा.”

“असतीलच की. इतक्या वर्षांच्या मोजण्या…” अबोली खुर्ची सरकवून आली. पडद्यावरच्या पिवळ्या रेघा तिने पाहिल्या. “हे काय?”

सुनीतीने सांगितलं. तिच्या नेहमीच्या हळू आवाजात, एका गाठीवरून दुसऱ्या गाठीवर बोट नेत. अबोली आधी मान डोलवत होती. मग तिचं डोलणं थांबलं.

“थांबा काकू. थांबा. झरा गेला की त्याच्या सगळ्या मोजण्या पण उतरवायचा तुम्ही?”

“हो. नियमच तसा होता.”

“म्हणजे माझ्या हातात आलेला एकूण एक झरा आज जिवंत असलेला.” ती उभीच होती. “त्यातला जो जो कधी बारीक झाला तो पुढे परत भरला. भरलाच असणार, म्हणून तर तो नकाशात राहिला. कानाने तेच शिकून ठेवलं. बारीक झाला? काळजी नको, येईल परत.” तिने कपाळावर हात मारून घेतला. “दवाखान्याच्या दारात उभं राहून घरी जाणारेच तेवढे मोजले, तर त्या दवाखान्यात कधी कुणी मरतच नाही.”

बोलून गेल्यावर तिला कळलं. “काकू, मला तसं…”

“बरोबर बोललीस,” सुनीती म्हणाली. “मला कळलं ते.”

खालच्या दुकानात शोभेच्या लाकडी भाज्यांना रंग देत होते, त्याचा वास जिन्यातून वर येत होता.

“गाठींच्या जागा आहेत, तारखा आहेत,” अबोली शेवटी म्हणाली. आवाज खाली आला होता. “उपग्रहाची जुनी चित्रं काढली तर तिथली हिरवळ कशी कशी गेली ते मिळेल. पावसाचे आकडे आहेत. झरा मरतो कसा ते कानाला दाखवता येईल. तिथे परत जायची गरज नाही. पण काकू, तुमचा नियम? कुणी उभं राहिल्याशिवाय खूण नाही.”

“तो उभा होता की तिथे.”

“आणि दाखवायचं कसं? फुली मारू?”

“फुली नको गं.” सुनीतीच्या डोळ्यांसमोर तो तापलेल्या कातळावरचा हात होता. “थेंबच ठेव. आतून रिकामा.”

अबोलीने पडद्यावरच्या कुंभवळ्याकडे बघितलं. ते अजून निळं होतं. “हे सगळं घातलं की काय होईल ते मला माहीत नाही. होईल तसं होईल. पण आपण हे सोमवारनंतर केलं तर? सगुणाताईंना निळंच हवंय. आणि… तुम्हालाही.”

“हवंय ना,” सुनीती म्हणाली. “कुणाला नको असेल?”

*

संध्याकाळी महादेवाच्या देवळात गळंती भरायची पाळी तिची होती. वैशाखात ते मडकं कोरडं पडू द्यायचं नाही. ज्याची पाळी त्याने येऊन भरायचं. तिने विहिरीचं पाणी गाळून ओतलं, तळाच्या भोकातली दर्भाची काडी सारखी केली आणि खांबाला टेकून बसली. पिंडीवर थेंब पडत राहिला.

देवापाशी काही मागायचं नाही, हा तिचा सगळ्यात जुना नेम. आईने लावलेला. जयवंत तापाने फणफणत होता तेव्हाही तिने मागितलं नव्हतं. हात जोडून नुसती उभी राहिली होती. त्याबद्दल तिला नंतर कधी वाईट वाटलं नाही असं नाही.

आज तिने मागितलं. कुंभवळ्याचं निळं राहू दे. पोफळी राहू देत, वन्संचं ते गार पाणी राहू दे, पहिला थेंब राहू दे. त्याचं म्हणून जे काही या जगात उरलंय ते एवढंच आहे. पुसू नको.

मागून झाल्यावर तिला हलकं वाटलं नाही. तिथेच बसून ती पुढचा विचार करत राहिली. समजा, गाठी नाही घातल्या. नकाशा निळाच राहिला, वन्संनी गावाला थांबवलं. मग एका वैशाखात वन्सं झऱ्याखाली तांब्या धरतील आणि धरूनच उभ्या राहतील. खालची जमीन तोवर दुसऱ्यांची झालेली असेल. जयवंतच्या नकाशाकडे बघून थांबलेली बाई, कोरड्या दगडासमोर, घागर घेऊन. त्याला ज्याचं सगळ्यात भय होतं तेच त्याच्याच नकाशाने केलेलं असेल. आणि गाठी घातल्या तर जो नकाशा कधी चुकत नाही म्हणून लोक जयवंतच्या नावाने हात जोडत होते, तो चुकला होता हे सगळ्यांना कळेल. चुकला तोही, कुणी कोरड्या दगडापाशी फसू नये या त्याच्या मायेपायी.

पुजारीकाका दिवा लावायला आले. “सुनीतीबाई, आज फार वेळ?”

“पाणी नीट पडतंय का बघत होते,” ती म्हणाली आणि उठली.

*

दुसऱ्या दिवशी दोघींनी मिळून सगळ्या गाठी घातल्या. अबोली तारखा वाचायची, सुनीती जागा टिपायची. प्रत्येक जागेचं नाव हवं म्हणून तिने गावोगावच्या बायकांना फोन केले. पलीकडच्या आवाजात आधी आश्चर्य असे, मग नाव येई, आणि नावामागून काहीतरी. इथे आमची म्हैस पडली होती. इथे मी माझ्या नवऱ्याला पहिल्यांदा बघितलं. एका म्हातारीने नाव सांगितलं आणि विचारलं, “तेचा आता काय करतलास गो?” “नकाशात ठेवणार आहोत,” ती म्हणाली. म्हातारी म्हणाली, “बरा झाला.”

शेवटी पाटकोंड. रिकामा थेंब जांभ्याच्या कड्याखाली टेकला.

अबोलीने कानाला नव्याने शिकायला लावलं. थोडा वेळ पडद्यावर काहीच झालं नाही. अबोली नखं खात होती. सुनीतीने हात मांडीवर ठेवले होते.

मग रंग बदलू लागला. एकदम नाही. वरच्या उतारावरून, पाणी ओसरतं तसा निळा रंग एकेका गावातून निघून गेला. धामणी गेलं. मालणी निळंच राहिलं, सातेरीही राहिलं. दोघींनी ते एकदमच बघितलं आणि श्वास सोडला. कुंभवळं थोडा वेळ निळं-राखाडी असं दोन्ही दिसत होतं. सुनीती पापणी न हलवता बघत राहिली. मग ते राखाडी झालं, आणि तसंच राहिलं.

“दोन पावसाळे,” अबोलीने खालची ओळ वाचली. “फार तर तीन. पाणलोटच दुसरीकडे वळलाय काकू. वर कुठेतरी जांभा खचलाय, पाणी पलीकडच्या अंगाला उतरतंय. आपण काही केलं तरी…” ती टेबलावर डोकं टेकून रडू लागली. सुनीतीने तिच्या पाठीवरून हात फिरवला.

“रडू नको. किती गावं वेळेवर कळली.”

“तुम्हाला रडू येत नाही?”

“येईल,” सुनीती म्हणाली. “आज माझ्याच्याने ते जमायचं नाही.”

अबोलीने डोळे पुसले. “सगुणाताईंना मी फोन करू? मी सांगते. चूक माझ्या यंत्राची होती, मी सांगते.”

“नको.”

“परवा गावसभा आहे काकू. पडद्यावर पण कळेलच त्यांना, गावात कुणीतरी बघेलच.”

“उद्या मी तिथे पोचेपर्यंत बंद ठेवता येईल ना लोकांना दिसणारा नकाशा?”

“एक दिवस? येईल.”

“मग ठेव. मी शब्द दिलाय.”

*

पहाटे आंघोळ करून सुनीती तुळशीपाशी आली. पाणी घालत तिने नावं घेतली. आंबयाची झर, सातेरीचं पाणी, गाळवाची तळी, मालणीची कोंड. शेवटी कुंभवळ्याची झर. क्षणभर ती अडली, पण नाव तिने त्यांच्यातच घेतलं. अजून वाहत होती ती.

रोज इथे संपायचं. आज ती तशीच उभी राहिली. मग दक्षिणेकडे वळली. तिचे वडील पितरांना पाणी देत ते तिने लहानपणी अंगणातून पाहिलं होतं. ओंजळीतलं पाणी अंगठ्याच्या बाजूने सोडायचं. बाईने ते करावं का, तिला ठाऊक नव्हतं. कुणाला विचारायलाही गेली नाही. तिने ओंजळ भरली.

“पाटकोंड,” ती म्हणाली आणि पाणी सोडलं.

मग दुसरं नाव. मग पुढचं. बायकांनी फोनवर सांगितलेली सगळी नावं तिला पाठ झाली होती, ती कधी झाली हे तिलाच कळलं नव्हतं. अंगणातली माती काळी ओली होत गेली. शेवटचं नाव झालं तरी तिने ओंजळ पुन्हा एकदा भरली. या खेपेला तिने नाव घेतलं नाही. गेलेल्या नवऱ्याचं नाव बायको कुठे घेते. नुसतं पाणी सोडलं.

घरात जाऊन तिने धुतलेलं लुगडं नेसलं. देव्हाऱ्यातला तांब्याचा लहान गडू भरून त्याच्या तोंडाला फडकं बांधलं. हे पाणी पाटकोंडीवर न्यायचं. जिवंत झऱ्याचं पाणी प्यायचं असतं, तसं तिथे जाऊन द्यायचं. पण ते मागाहून. आधी वन्संचं घर.

फाटकाशी स्कूटरचा आवाज झाला. अबोली होती. केस विंचरलेले नव्हते.

“काकू, मी येऊ बरोबर?”

“नको गं. दोघी दिसलो तर त्यांना दारातच कळेल.”

“मग स्टँडपर्यंत तरी सोडते.”

“चालत जाईन. पाण्याचा गडू आहे हातात, सांडायचा.”

अबोलीने पिशवीतून बाटली काढली. “निदान घोटभर पाणी तरी प्या. नावं झाली ना घेऊन? तोंड सुकलंय तुमचं.”

सुनीतीने बाटलीकडे बघितलं. घशाला खरंच कोरड पडली होती. तिने मान हलवली.

“तिथे गेल्यावर पिईन,” ती म्हणाली. “वन्सं आधी पाणी देतील. ते पिईन आणि मग सांगेन.”

तिने दाराला कडी घातली, गडू पदराखाली घेतला आणि स्टँडच्या वाटेला लागली. ऊन अजून वर आलेलं नव्हतं.